बाहुल्यामागे ४२ पौंड ८९ पेन्स

मंडळी, परवा इथे एका आईने विचारलं होतं, "मुलाला वाढदिवसाला ते वॉरहॅमरचे सैनिक हवेत, रंगवायचे. नेमकं काय काय घ्यावं लागतं?" मी चार ओळींत उत्तर द्यायला गेले आणि लक्षात आलं की चार ओळींत हे मावणार नाही. म्हणून ही पोस्ट. मोठी झालीये, चहा घेऊन बसा.

आधी माझी पात्रता. मी सीए. पुण्यात आर्टिकलशिप, मग लग्न, मग लेस्टर. चित्रकलेशी माझा संबंध शाळेत संपला, आणि तो संपला म्हणून बाईंनाही बरं वाटलं असणार. पण घरात एक चिरंजीव आहेत, आता १४ वर्षांचे. ज्या नॉटिंगहॅममध्ये हे सैनिक बनवणाऱ्या कंपनीचं मुख्य ऑफिस आहे, ते आमच्यापासून तासाभराच्या आत. म्हणजे पंढरपूरच्या वाटेवर घर असल्यासारखं. वारी चुकवता येत नाही.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: हे सैनिक तयार मिळत नाहीत. प्लास्टिकच्या एका चौकटीत हात, पाय, डोकी, बंदुका सगळं सुटं अडकलेलं असतं. ते कापायचं, घासायचं, चिकटवायचं, मग रंगवायचं. तयार झाल्यावर उंची जेमतेम दीड इंच. १९८७ पासून वॉरहॅमर ४०,००० हा खेळ चालू आहे, त्यामुळे दुकानात गेलात तर मुलांइतकेच टक्कल पडलेले बाप्येही टेबलाशी बसलेले दिसतील. घाबरू नका, भली माणसं असतात.

आता खरेदी. पहिली गोष्ट म्हणजे क्लिपर, म्हणजे एक बाजू सपाट असलेली छोटी पक्कड. नखं कापायच्या नेलकटरने काम भागतं असं मला वाटलं होतं. नाही भागत, सैनिकाचा कान तुटतो. दुसरी, क्राफ्ट नाइफ. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे प्लास्टिकवर एक बारीक उंच रेघ राहते. ती पात्याच्या मागच्या बोथट बाजूने खरवडून काढायची. पहिल्यांदा ती दिसतसुद्धा नाही, पण रंग लावला की चेहऱ्यावर टाके घातल्यासारखी उठून येते. तिसरी, प्लास्टिक सिमेंट. हा नुसता गोंद नाही, तो प्लास्टिक थोडं विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. रेझिनच्या किंवा धातूच्या मूर्तीला तो चालत नाही, तिथे सुपरग्लू लागतो. दोन्ही वापरताना खिडकी उघडी ठेवा, आणि सुपरग्लू लहान मुलांच्या हातात एकटा देऊ नका.

इंग्लंडमध्ये १८ वर्षांखालच्या मुलाला असा चाकू विकत नाहीत, आणि १६ खालच्याला स्प्रे पेंट विकणं हाही गुन्हा आहे. म्हणजे मुलगा कितीही "आय नो, आय नो" म्हणाला तरी या दोन वस्तूंसाठी आईबापांना काउंटरवर उभं राहावंच लागतं. माझा या छंदातला प्रवेश असा कायद्याने झाला.

स्प्रे पेंट लागतो तो अस्तरासाठी. ॲक्रिलिक रंग उघड्या प्लास्टिकवर नीट धरत नाही, बोटाने निघून येतो. म्हणून आधी प्रायमर. काळा, करडा किंवा पांढरा, सुरुवातीला करडा घ्या. डबा दोन मिनिटं तरी हलवायचा, एक वीत-दीड वीत अंतरावरून, थांबत थांबत मारायचा, आणि नेहमी घराबाहेर. हवा दमट असेल किंवा फार थंड असेल तर मारायचाच नाही. या वाक्याला माझ्याकडे पुरावा आहे, पुढे सांगते. दुबई-मस्कतवाल्यांनो, तुमचा प्रश्न उलटा: कोरड्या उन्हात रंग हवेतच सुकतो आणि भुकटी होऊन बसतो. पहाटे मारा, किंवा ब्रशने लावायचा प्रायमर मिळतो तो घ्या. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही तोच घ्यावा.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. पैसे जातात ते रंगांत आणि ब्रशांत, आणि माझी कहाणीही तिथलीच.

आमच्याकडे पहिल्या वर्षी चिरंजीव १२ चे. वाढदिवस, ख्रिसमस, आजीने पाठवलेले पैसे, सगळं या एका खात्यात. मी स्वभावाप्रमाणे एक शीट ठेवली. जानेवारी म्हणजे आम्हा अकाउंटंट लोकांचा शिमगा. ३१ तारखेला सेल्फ असेसमेंटची मुदत, लोक बुटांच्या खोक्यात पावत्या घेऊन येतात. तो महिना संपवून मी दमलेली, चिडलेली, आणि डोक्यात फक्त आकडे. फेब्रुवारीच्या हाफ टर्ममध्ये एका रात्री जेवणाच्या टेबलावर मी त्याच्यासमोर प्रिंट काढलेला कागद ठेवला. ११ महिने. एकूण खर्च ३८६ पौंड. रंगांच्या डब्या ३८, त्यातल्या २१ उघडलेल्याही नाहीत. पूर्ण झालेले सैनिक ९. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात: बाहुल्यामागे ४२ पौंड ८९ पेन्स.

त्या दिवशी घरी पाहुणे होते. हे मी आत्तापर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सगळे हसले. मीही हसले. "बाहुल्या" या शब्दावर जास्त हसले.

तो काही बोलला नाही. कागदाची घडी घातली आणि वर गेला. पुढच्या आठवड्यात त्याचं टेबल रिकामं. मी नवऱ्याला म्हटलं, बघ, आकडे दाखवले की कळतं मुलांना. पुढचे तीन महिने चिरंजीव फोन घेऊन पलंगावर. "काय करतोस?" "नथिंग." "शाळा कशी?" "फाइन." तुमच्याकडेही हाच शब्दकोश चालत असेल.

मे महिन्यात गॅरेज आवरताना खोका सापडला. उघडला तर आधी वास आला. आत एक बंद डबा होता, त्यात ओला स्पंज, त्यावर कागद, आणि सगळ्यावर हिरवी-काळी बुरशी. त्याला वेट पॅलेट म्हणतात, हे मला नंतर कळलं. डब्याखाली तो माझा कागद. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलने त्याने स्वतःचा हिशेब मांडला होता. प्रत्येक सैनिकाला किती तास लागले ते. बेरीज १४० तास. ३८६ भागिले १४०. तासाला २ पौंड ७६ पेन्स. शेजारी: स्विमिंग किती, सिनेमा किती, ट्रॅम्पोलिन पार्क किती. तिन्ही महाग. खाली एक ओळ, "पेंट इज नॉट युज्ड अप, सो इट इज स्टॉक, नॉट एक्सपेन्स."

बरोबर होतं हो. न वापरलेल्या २१ डब्या मी सरळ खर्चात टाकल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या ट्रेनीने केलं असतं तर मी लाल पेनाने गोल केला असता. आणि ऑडिटमध्ये आक्षेप काढला तर क्लायंटला उत्तर द्यायला वेळ देतो आम्ही. याने उत्तर लिहून तयार ठेवलं होतं, आणि मी ते मागितलंच नव्हतं.

संध्याकाळी मी तो कागद घेऊन वर गेले. म्हटलं, "तुझा हिशेब बरोबर आहे, माझा चुकला. आणि सगळ्यांसमोर केला ते जास्त चुकलं." तो म्हणाला, "इट्स फाइन." मी म्हटलं, "मला शिकवशील?" तो म्हणाला, "यू वोन्ट हॅव द पेशन्स." हेही बरोबरच होतं.

तर त्याच्याकडून जे शिकले ते तुम्हाला फुकट देते.

रंग. ५०-६० बाटल्यांचा सेट घेऊ नका, कितीही सवलत असो. सुरुवातीला सहा-सात पुरतात: काळा, पांढरा, एक तपकिरी, एक चांदीसारखा धातूचा, एक कातडीचा, आणि ज्या सेनेचा जो मुख्य रंग असेल तो. कातडीचा घेताना जरा बघा. जिथे फक्त गुलाबी गोरा दाखवतात तिथेच गडद सावळ्या छटाही असतात. आमच्या घरी आता अर्धी पलटण सातारची वाटते. त्यासोबत एक शेड. हा पातळ, शाईसारखा रंग असतो, वरून फिरवला की खाचांमध्ये जाऊन बसतो आणि सावल्या आपोआप तयार होतात. नवख्याला सगळ्यात जास्त आनंद देणारी बाटली हीच. सिटाडेलच्या साध्या रंगाची डबी १२ मिलिलिटरची, झाकण उघडून ब्रश बुडवायचा. त्या झाकणाच्या कडेला रंग वाळला की ते नीट बसत नाही आणि आतला रंगही सुकतो. वायेहो नावाच्या स्पॅनिश कंपनीच्या बाटलीला थेंब पाडायचं टोक असतं, आत १७-१८ मिलि. दर मिलिलिटरला काय पडतं ते तुम्हीच काढा, मी आता सार्वजनिक ठिकाणी आकडे मांडत नाही.

रंग डबीतून सरळ लावायचा नाही. पाण्याने दुधाइतका पातळ करायचा आणि दोन हात द्यायचे. पहिल्या हातात प्लास्टिक दिसत राहतं आणि आपला धीर सुटतो. तिथेच मी जाड थर दिला आणि सैनिकाच्या नाकाची पोळी झाली.

पातळ केलेला रंग ताटलीत मिनिटांत वाळतो, म्हणून ते वेट पॅलेट. विकतचं घेऊ नका. श्रीखंडाचा रिकामा, घट्ट झाकणाचा डबा, त्यात भांडी पुसायचा चपटा स्पंज ओला करून, त्यावर बेकिंग पार्चमेंट. मेणाचा कागद चालत नाही, त्यातून पाणी वर येत नाही. रंग दिवसभर ओला राहतो. बुरशी धरू नये म्हणून बरेच जण आत तांब्याचा तुकडा टाकतात. चिरंजीवांची नजर देवघरातल्या ताम्हनाकडे गेली होती, पण ती पळवाट वेळीच बंद केली. दर आठवड्याला स्पंज धुवा आणि कागद बदला, झालं.

ब्रश. मला वाटायचं बारीक काम म्हणजे बारीक ब्रश, म्हणून मी त्याला तीन शून्यांचे, पापणीएवढे ब्रश आणून दिले होते. चूक. त्यात रंग मावतच नाही, चेहऱ्यापर्यंत पोचेपर्यंत टोकावर वाळतो. एक किंवा दोन नंबरचा ब्रश हवा, पोट भरलेलं आणि टोक सुईसारखं. शिकताना सिंथेटिक घ्या, त्याचं टोक काही महिन्यांत आकड्यासारखं वळतं, तेव्हा तो ढोबळ कामाला लावा. हात बसला की मग एक चांगला कोलिन्स्की सेबल. हा सायबेरियन वीझलच्या शेपटीच्या केसांचा असतो. सासूबाईंनी विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं, आणि तो ब्रश आता देवघराच्या खोलीत न्यायचा नाही असा ठराव झाला आहे. भारतातून स्वस्त ब्रश आणायचा विचार असेल तर तो मुंगसाच्या केसांचा नाही ना, एवढं बघा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली मुंगूस संरक्षित आहे आणि त्याच्या केसांचा व्यापार गुन्हा.

ब्रश सांभाळायचा कसा? रंग केसांच्या मुळाशी, त्या पत्र्याच्या मानेत जाऊ द्यायचा नाही. पाण्याच्या बरणीत उलटा उभा ठेवायचा नाही. गरम पाणी नाही. दिवसाअखेर ब्रशच्या साबणाने धुवून, टोक बोटाने जुळवून आडवा ठेवायचा. आणि चांदी-सोन्याच्या रंगांसाठी वेगळा ब्रश, वेगळं पाणी. त्यातली चमकी एकदा पाण्यात उतरली की पुढचा प्रत्येक सैनिक लग्नाला निघाल्यासारखा दिसतो.

बाकी घरातच आहे. पाण्याला लोणच्याची बरणी, पण दोनदा धुतलेली. सैनिक धरायला औषधाची रिकामी बाटली, वर ब्लूटॅकचा गोळा. पायाखालच्या जमिनीला पांढरा गोंद आणि वाळू. जंगलातला पालापाचोळा हवा असेल तर चहाचा चोथा, मात्र कडकडीत वाळवलेला. इथे हिवाळ्यात चारला अंधार, म्हणून दिवसासारखा पांढरा उजेड देणारा टेबललॅम्प मात्र घ्याच, त्यात काटकसर नको. आणि तुम्ही चाळिशीपुढचे असाल तर वाचायचा चष्मा. मला पहिले दोन आठवडे सैनिकाला डोळे असतात हेच माहीत नव्हतं. एअरब्रशचं नाव मुलाने काढलं तर वर्षभर ऐकू आलं नाही असं करा.

आता तो पुरावा. त्याने पाच सैनिक जोडून, घासून तयार ठेवले होते. मी घरून काम करत होते, पाऊस नुकताच थांबला होता. म्हटलं, शाळेतून येईपर्यंत प्रायमर मारून ठेवू, खूश होईल. मागच्या अंगणात ओल्या गवतावर खोका ठेवला आणि उत्साहाने मारला. वाळल्यावर पाचही जणांच्या अंगावर बारीक खरखरीत दाणे. चेहरे गायब.

तो आला, एकेक उचलून उजेडात फिरवला. मी श्वास धरून उभी. फेब्रुवारीतली शांतता मला आठवत होती. तो म्हणाला, "आई, रव्याचे लाडू." मराठीत म्हणाला. आणि हसला. मग आम्ही दोघांनी हातमोजे घालून, खिडक्या उघडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ते भिजवले आणि जुन्या टूथब्रशने घासत बसलो. आगीजवळ हे काम करू नका. रात्रीचे अकरा वाजले. त्या चार तासांत शाळेतल्या एका मुलाचं नाव निघालं, जो याला वर्षभर छळत होता. रोज फाइन असणाऱ्या शाळेत.

ते प्रकरण आम्ही शाळेशी बोलून हाताळलं, त्याच्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही. तो घासत होता, माझ्याकडे बघत नव्हता, म्हणून बोलू शकला असं मला वाटतं.

डोळ्यांचं राहिलं. माझं आजोळ पेणचं. मामाचा गणपतींचा कारखाना आहे, आणि लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्हाला सगळीकडे हात लावायला मुभा होती, पण डोळ्यांची आखणी चालू असेल त्या खोलीत पाऊल टाकायची नाही. हे मी इतक्या वर्षांत मुलाला कधी सांगितलंच नव्हतं. जुलैत व्हिडिओ कॉल लावला. मामा कामात होता, मागे मूर्तींच्या रांगा. याने आपला सैनिक कॅमेऱ्यासमोर धरला. मामा म्हणाला, "अरे, हा डोळा मोहरीएवढापण नाही! काय ब्रश वापरतोस?" याने ब्रश दाखवला. "बरोबर. बारीक नको, टोक हवं." मग मामाने दाखवलं: कोपर टेबलावर टेकवायचं, दोन्ही मनगटं एकमेकांना लावायची, श्वास सोडून झाला की रेघ ओढायची. बुबुळ मध्ये मोकळं ठिपक्यासारखं ठेवायचं नाही, वरच्या आणि खालच्या पापणीला टेकवायचं. "नाहीतर देव दचकल्यासारखा दिसतो."

"मामाआजोबा, माझा पण दचकतो," हा म्हणाला. "सगळे दचकतात."

पाऊण तास चालला कॉल. "बुबुळ" हा शब्द त्याला तीनदा सांगावा लागला. "आखणी" लगेच आला. आता दर रविवारी फोन असतो, मला बोलवतही नाहीत.

डिसेंबरमध्ये पेणला जातोय. स्प्रेचे डबे विमानात नेता येत नाहीत, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही, हे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. चाकू आणि क्लिपर चेक-इनमध्ये. तीन सैनिक इथेच अस्तर देऊन, अंगरखे वगैरे रंगवून नेतोय, डोळे रिकामे ठेवून.

शीट आता त्याच्याकडे आहे. परवा उघडून पाहिली. न वापरलेले रंग स्टॉकमध्ये, ब्रशांवर घसारा, सगळं व्यवस्थित. माझ्या नावाने एक वेगळं खातं उघडलंय: आयसोप्रोपिल ६ पौंड, पाच सैनिकांचं नुकसान, वसुली बाकी. मी भरले नाहीत अजून. त्याने काल स्मरणपत्र पाठवलंय.